पर्यायांत नसलेलं पोरगं

पद्मावती मगदूम बाईंना प्रश्नपत्रिकेतल्या चार पर्यायांपैकी एकही पुरता चुकीचा वाटत नसे. एवढा दोष सोडला तर बाई शाळेसाठीच जन्माला आल्या होत्या असं कुणीही म्हटलं असतं. पण परीक्षा घेणाऱ्यांना नेमका तेवढाच दोष तपासायचा होता, त्याला बाई तरी काय करणार?

बाईंचं माहेर मिरजेकडचं, नदीकाठच्या काळ्या मातीतलं. नोकरी लागली ती मात्र माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं, एका शिक्षणसंस्थेच्या वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत. तिथं त्यांनी सव्वीस वर्षं पहिली आणि दुसरी हे दोनच वर्ग शिकवले. वरचे वर्ग घ्या म्हटलं की बाईंच्या कपाळाला आठ्या पडत. तोवर पोरांना सगळं एकसारखं दिसायला लागलेलं असतं, मग त्यांच्यात बघायचं काय, असं त्या म्हणत.

त्यांचं बघणं कसं होतं ते सांगायला धुळ्याची गोष्ट पुरेल. धुळा मेंढपाळाचा. चाचणीत प्रश्न आला, गटात न बसणारा शब्द ओळखा: मेंढी, शेळी, कुत्रा, काठी. धुळ्यानं एकाही शब्दाला हात लावला नाही. बाईंनी जवळ बोलावून कारण विचारलं, तर तो म्हणाला, "काठी काढली तर बाकीची तिनी जाग्यावं ऱ्हातील व्हय, बाई?"

बाईंनी त्याला पूर्ण गुण दिले. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याबद्दल बाईंना चांगलंच धारेवर धरलं. बाई काही भाबड्या नव्हत्या. ‘प्राणी’ म्हणजे काय हे धुळ्याला कळायलाच हवं होतं, आणि ते आपणच शिकवायचं आहे हेही त्यांना ठाऊक होतं. पण साहेबांना वस्तू वेगवेगळ्या दिसत होत्या, धुळ्याला त्यांची एकमेकांशी असलेली सोबत दिसत होती. मग बाईंनी सोबतीतूनच वाट काढली. संध्याकाळी घरी गेल्यावर ह्यातल्या कुणाकुणाला खायला घालावं लागतं ते बघून ये, म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी धुळ्यानं आपणहून काठीवर फुली मारली, तीही जरा नाराजीनंच. ह्या असल्या शिकवण्याला पुस्तकात काय नाव आहे ते बाईंनी कधी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

मग संस्थेचं फर्मान आलं. जुन्या शिक्षकांनीही दीड वर्षात पात्रता परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं. प्रश्न दीडशे, वेळ अडीच तास, गुण हवेत नव्वद. बाई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या.

शिकवायला त्यांची लेकच पुढं आली. प्रियदर्शनी सांगलीत मामाकडं राहून एका शाळेत तासिकेवर शिकवायची. ही परीक्षा ती दोनदा पास झाली होती आणि चार वर्षं भरतीची वाट बघत होती. म्हणजे आईकडं जागा होती, पात्रता नव्हती. लेकीकडं पात्रता होती, जागा नव्हती. या घराची कुणाला तरी कीव यायला हवी होती.

रोज संध्याकाळी फोनवर अभ्यास चाले. प्रियदर्शनी प्रश्न वाची: एक विद्यार्थी तपशील अचूक टिपतो, परंतु त्याला संपूर्ण आकृतीचे आकलन होत नाही, तर त्याची विचारशैली कोणती? बाई विचारीत, पोरगं कुणाचं हाय? डोळं तपासल्यात का त्याचं? सकाळी काय खाऊन आलंय? आधी लेक हसायची. पुढं पुढं तिचा आवाज चढायला लागला, आणि एक दिवस ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, तिथं पोरगं न्हाईच. नुसतं चार पर्याय हाईत."

पहिल्या खेपेला बाईंना त्र्याऐंशी गुण पडले. गणितात तीसपैकी सत्तावीस, आणि मूल कसं शिकतं या विषयात तीसपैकी अकरा. सव्वीस वर्षं आपण जे केलं त्यातलं आपल्याला काही कळत नाही, असं सरकारी शिक्क्यानिशी हातात आलं की माणसाचं काय होत असेल?

मग लेकीनं किल्ली सांगितली. ज्या पर्यायात ‘वैयक्तिक भिन्नता’ हे शब्द असतील तो डोळे झाकून बरोबर धरायचा. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘सक्तीने’ असले शब्द दिसले की पर्याय कटाप. आणि पेपर सुटेपर्यंत एकही मूल डोळ्यापुढं आणायचं नाही. बाईंनी निमूटपणे पाठांतर सुरू केलं. जन्मभर ज्यांनी प्रत्येक पोराला वेगळं दार शोधून दिलं, त्यांनी ‘वैयक्तिक भिन्नता’ हे दोन शब्द घोकले.

त्याच वर्षी दुसरीत राजेश्वरी नव्यानं आली. बाप फौजेत, आई शेतात. पोरगी बोलायला चुणचुणीत, पण पुस्तकात चित्र दाखवून किती पक्षी आहेत विचारलं की नुसतं म्हणायची, "बसल्याती." बाईंनी मणी आणले, चिंचोके आणले, फळ्यावर चित्रं काढली. कधी जमे, कधी अजिबात नाही. का जमतं आणि का नाही, हे काही केल्या बाईंच्या ध्यानात येईना, आणि त्यापायी त्यांची झोप उडाली.

दुसरी परीक्षा साताऱ्यात होती. बाई ठरवून गेल्या होत्या, आणि बावीस प्रश्न त्यांनी धडाधड सोडवले. तेविसावा होता, चित्रातील वस्तूंची संख्या न सांगू शकणाऱ्या मुलाबाबत. पर्याय दोनमध्ये ‘वैयक्तिक भिन्नता’ होती. तिथं गोल रंगवून पुढं जायचं होतं. बाईंनी रंगवलाही. पण तोवर राजेश्वरी डोळ्यापुढं येऊन बसली होती.

मणी कधी जमले? एकेक ठेवत गेले तेव्हा. आधीच मांडून ठेवले तेव्हा नाही. खिडकीबाहेर कावळे एकेक करून येऊन बसले तेव्हा तिनं आपणहून चार म्हटलं होतं. म्हणजे तयार मांडलेलं तिला एकगठ्ठा दिसतं, होताना दिसलं की मोजता येतं! बाईंनी कच्च्या कामाच्या पानावर सात चिमण्या काढल्या, त्या तळहातानं झाकल्या, आणि हात एकेका चिमणीवरून सरकवत नेऊन बघितला. जमणार होतं. त्यांना भर पेपरात आनंदानं भरून आलं. भानावर आल्या तेव्हा पंचवीस मिनिटं गेली होती. शेवटचे चौदा प्रश्न तसेच राहिले.

अठ्ठ्याऐंशी गुण पडले. दोन कमी.

निकाल लागेपर्यंतच्या पाच आठवड्यांत राजेश्वरी तळहाताच्या आडून एकेक चित्र उघडत वीसपर्यंत मोजायला लागली होती. आणखी दोन महिने मिळाले असते तर हात बाजूला करता आला असता. पण दोन महिने नव्हते, मुदत संपली होती. लेक फोनवर रडली. बाईंनी तिला तेविसाव्या प्रश्नाचं काही सांगितलं नाही. सांगायला तोंडच नाही, असं त्यांना वाटत होतं.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी शंभर पानी वही आणली आणि वर्गातल्या एकोणीस पोरांबद्दल लिहून काढलं. कोणाला कानानं कळतं, कोणाला हातानं, कोणाला आधी चुकू द्यावं लागतं. राजेश्वरीला चार पानं दिली.

नवे शिक्षक ऋषिराज सर पाटणकडचे, एकशे एकवीस गुणांचे. माणूस खरंच चांगला. वाकून नमस्कार केला, वही दोन्ही हातांनी घेतली आणि अदबीनं म्हणाले, "मॅडम, मुलांविषयी आधीच मत बनवून वर्गात जाऊ नये. मी कोऱ्या मनानं जाईन." वही त्यांनी कपाटात ठेवली. उत्तर बरोबर होतं. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते.

कार्यमुक्तीचा कागद तयार होईपर्यंत बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या. आत सरांनी सुंदर रंगीत तक्ता लावला होता. तारेवर नऊ पोपट. त्यांनी राजेश्वरीला उठवून विचारलं, किती?

"बसल्याती," राजेश्वरी म्हणाली. एकदोघं फिदीफिदी हसली. सरांनी त्यांना गप्प केलं, पुन्हा प्रेमानं विचारलं, थांबले, आणखी एकदा विचारलं. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. एक तळहात ठेवायचा होता तक्त्यावर, बाकी काही नाही. तेवढ्यात मुख्याध्यापक कागद घेऊन आले आणि इथं इथं सही करा म्हणाले. बाईंनी केली.

आत सर म्हणाले, असू दे बाळ, बस खाली. त्यांनी शेजारच्या पोराला विचारलं. त्यानं नऊ सांगितलं, आणि सरांनी सगळ्यांना त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. राजेश्वरीनंही वाजवल्या.