तीन वाफे आणि सहा घागरी

दुपारचे दोन वाजले की जनकाबाई हातातलं खुरपं खाली ठेवायची, पदर कपाळावर ओढायची आणि फारमाच्या उत्तर कोपऱ्यातल्या तीन वाफ्यांकडं चालू लागायची. बाकीच्या बाया कडूनिंबाखाली भाकरी सोडून बसलेल्या असत. जनकाबाई मात्र पहिल्या वाफ्याजवळ उकिडवी बसून मातीत रोवलेल्या काचेच्या नळीवर डोळा लावायची. पारा कुठं थांबलाय ते दोनदा बघायचं, ओठांत म्हणायचं, आणि मग वहीत मांडायचं. सावलीतला वाफा, काडीकचऱ्यानं झाकलेला वाफा, उघडा वाफा. तीन आकडे, रोज.

हे फारम डोणगावच्या अलीकडं मेहकरच्या रस्त्याला होतं. सरकारी बियाण्याचं फारम, वीस-पंचवीस रोजंदारीवाले. जनकाबाई त्यांतलीच. छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली होती. विहारातल्या वर्गात ती मांडी घालून बसली आणि दोन वर्षांत लिहायला-वाचायला शिकली. त्या अक्षरांचा उपयोग पुढं कधी होईल असं तिला वाटलं नव्हतं. पण एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर अकोल्याहून अर्जुनराव साहेब आले आणि त्यांनी सगळ्या मजुरांना विचारलं, "आकडे कुणाला लिहिता येतात?" तेव्हा एकटा जनकाबाईचाच हात वर झाला.

अर्जुनराव तिशीतले, किडकिडीत, सतत मातीनं भरलेल्या नखांचे. त्यांनी मच्छरदाणीच्या जाळीच्या लहान लहान पिशव्या शिवून आणल्या होत्या. प्रत्येकीत ज्वारीच्या वाळल्या पानांचा चुरा, मोजून शंभर ग्रॅम. पिशव्या मातीत वीतभर पुरायच्या आणि ठरल्या तारखेला काढून, वाळवून, पुन्हा तोलायच्या.

"कायले, साहेब?" जनकाबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं.

साहेबांनी मूठभर काळी माती उचलली. "ही काळी कशानं आहे? कुजलेल्या पाल्यानं, शेणानं, मुळ्यांनी. त्यात कर्ब असतो. त्याच्यावरच माती ओल धरते, पीक धरते. पण मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते हा कर्ब खातात आणि आपण श्वास सोडतो तसा तो हवेत सोडून देतात. माती जितकी तापेल तितकी त्यांची भूक वाढते. ओल असली तर. किती वाढते, ते आपल्याला बघायचंय."

म्हणून तिन्ही वाफ्यांत ओल सारखी ठेवायची होती. दर तिसऱ्या दिवशी एकेका वाफ्याला दोन घागरी, एकूण सहा. फरक राहील तो फक्त उन्हाचा.

एक्काहत्तरच्या उन्हाळ्यात वर्षभर पुरलेल्या पिशव्या निघाल्या. सावलीतल्या पिशवीत अठ्ठावन्न ग्रॅम उरले होते. झाकलेल्या वाफ्यातली छप्पन. उघड्या वाफ्यातली फक्त छत्तीस. जनकाबाईनं ती हलकी पिशवी तळहातावर धरली.

तिला स्वतःचं वावर आठवलं.

तिच्या नवऱ्याला, इंद्रभानला, पासष्ट साली गायरानातली दोन एकर जमीन मिळाली होती. पिढ्यान्‌पिढ्या गवताखाली झाकलेली माती. पहिली तीन वर्षं ज्वारी इतकी माजली की इंद्रभान आत शिरला तर बाहेरून दिसत नसे. मग कणीस लहान होत गेलं. मातीचा काळा रंग उडून ती राखेसारखी झाली, ढेकळं दगडासारखी. इंद्रभान म्हणे, खत कमी पडतं. जनकाबाई डोक्यावरून टोपल्यानं शेणखत वाहून टाकी आणि पुढच्या वर्षी त्याचा मागमूस राहत नसे. दर वर्षी पीक निघालं की सगळ्यांसारखी इंद्रभान खोल नांगरट करून जमीन चार महिने उन्हात उघडी टाकायचा.

त्या संध्याकाळी तिनं त्याला सांगितलं, "वावर झाकून ठेवा. ऊन खाऊन राह्यलं त्याले."

"कशानं झाकू? लुगड्यानं?" इंद्रभान हसला. "कडबा ढोरायनं खावा का मातीनं?"

पण तेव्हापासून नांगरटीच्या तासांमधून चालताना तिच्या जिवाला घोर लागायचा. पायाखाली कुणीतरी गुपचूप खातंय आणि आपल्याला ऐकू येत नाही, असं वाटायचं.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. माघ लागेपर्यंत गावातल्या विहिरी तळाला गेल्या. वस्तीच्या बायांना तिथं एरवीही कुणी दोर टाकू देत नव्हतं, आता तर जवळ उभंही करेनात. उरली फारमाची विहीर. ती सरकारी, तिथं कुणाची मालकी नव्हती. सकाळपासून वस्तीतल्या बायांची तिथं रांग लागे.

अर्जुनरावांना सरकारनं दुष्काळी कामांवर धाडलं होतं. मार्चमध्ये त्यांचं पत्र आलं. जनकाबाईनं ते विहिरीच्या कठड्यावर बसून अक्षर अक्षर लावत वाचलं. 'जूनमध्ये तीन वर्षांचं गणित पुरं होतं. काहीही झालं तरी पाणी थांबवू नका. आजवरचं सगळं त्याच्यावर आहे.'

ती पत्र घेऊन फारमाचे प्रमुख शेषराव यांच्याकडं गेली. शेषरावांनी ते चष्म्याखालून पाहिलं आणि परत दिलं.

"साहेबाचं काम साहेबानं तुले सांगतलं. मी काई हाव म्हणत नाही, नाई बी म्हणत नाही."

"पन इहिरीत पानी किती हाय ते तुमाले दिसते ना?"

"म्हनूनच त मी काई बोलत नाही," शेषराव म्हणाले आणि त्यांनी समोरचा कागद ओढला.

एप्रिलच्या एका सकाळी पाणी घालायचा दिवस होता. रांगेत तिची जाऊ बनाबाई उभी होती, दोन तासांपासून. तिचा दोर खाली गेला, वर आला, बादलीत गाळ आणि वर चार बोटं पाणी. ते निवळायला ठेवून ती बाजूला झाली. त्याच वेळी जनकाबाई फारमाच्या हौदातून भरलेली घागर घेऊन समोरून गेली. पहाटे पाणी वर असताना तिनंच तो हौद भरून ठेवला होता. तिनं घागर उघड्या वाफ्यात ओतली. पाणी चर्र करून आत गेलं. वाफ्यात एक हिरवं पानही नव्हतं.

बनाबाई बघत राहिली. दुसरी घागर, तिसरी. चौथ्या घागरीला ती पुढं आली.

"बाई, मानसाले प्याले पानी नाही अन् तुमी मातीले पाजून राह्यल्या?"

"साहेबाचं काम हाय वं बना."

"साहेब कुठी हाय? पोरीले दोन दिसापासून हगवन लागली माह्या. जीभ कोरडी पडली तिची. साहेबाले सांगू का मी?"

हातातली घागर जनकाबाईनं बनाच्या पुढ्यात ठेवायला हवी होती. पण पत्रातली ओळ तिच्या डोक्यात अशी रुतली होती की तिचे पाय वाफ्याकडंच वळले आणि राहिलेल्या घागरीही तिनं ओतल्या. मागं वळून पाहायची तिची छाती झाली नाही.

पुढचे दोन दिवस तिला भाकरी गोड लागली नाही. घरातलं होतं तेवढं पाणी तिनं बनाकडं नेऊन दिलं. बनानं ते तिच्याकडं न बघता घेतलं. पोर अंथरुणावर चिपाडासारखी पडलेली. तिच्या ओठांवर पाणी लावताना जनकाबाईला वाटलं, हिचं काही बरंवाईट झालं तर वस्तीत आपल्याला तोंड दाखवता येणार नाही. आणि पाणी थांबवलं तर साहेबांच्या तीन वर्षांवर माती पडेल, तीही आपल्याच हातानं. इंद्रभानला विचारलं तर तो म्हणाला, "सोडून दे ते झेंगट. कोनाले काय पडलं त्या पिशव्यायचं?" पण तिला पडलं होतं. आपल्या वावराला काय होतंय हे सांगणारं जगात तेवढंच एक ठिकाण होतं.

तिसरा दिवस उजाडला. तिनं सहा घागरी भरून हौदाच्या कडेला ओळीनं मांडल्या. बराच वेळ ती तिथं उभी राहिली. मग पहिली घागर उचलून तिनं बनाच्या घागरीत रिकामी केली. दुसरी तिच्या मागच्या म्हातारीला. सहाही वाटून झाल्यावर तिनं रिकाम्या घागरी हौदाच्या कडेला पालथ्या घातल्या.

दुपारी दोन वाजता उघड्या वाफ्याची नळी तिनं बघितली. वहीत पाण्याचा रकाना रिकामा होता. शेषराव मागून येऊन उभे राहिले होते.

"लिही ना घातलं म्हनून. कोन पाह्यते?"

पेन्सिल तिच्या बोटांत होती. तिच्या मनात खरंच आलं की लिहावं. साहेबाला कळणार नाही, पोटावर पाय येणार नाही. पण सुकलेली माती जास्त तापणार. म्हणजे उद्याचा आकडाही खोटा लिहावा लागेल, परवाचाही, रोज दोन वाजता एक नवा. आणि त्या खोट्या आकड्यांवरून साहेब काय सांगणार? तिच्या वावराचं काय सांगणार?

तिनं लिहिलं : 'पाणी घातलं नाही. लोकायले प्याले देलं.' आणि पुढं पारा.

तेच तिनं शेहेचाळीस दिवस लिहिलं. उघड्या वाफ्याचा पारा बेचाळीसवरून पन्नासाकडं चढत गेला. बनाची पोर आठवड्यानं उठून बसली. रस्त्यावर जीप वाजली की जनकाबाईला वाटायचं, साहेब आले.

साहेब आले ते जुलैमध्ये. तोवर पाऊस लागून तीन आठवडे झाले होते. अर्जुनराव काळवंडले होते. त्यांनी वही मागितली आणि उभ्या उभ्या वाचायला घेतली. एप्रिलच्या पानावर ते थांबले. पान उलटलं, पुन्हा मागं आले.

"शेहेचाळीस दिवस?"

"हाव."

"तीन वर्षांचा तक्ता गेला, जनकाबाई."

अर्जुनराव बांधावर बसले. मग त्यांनी विचारलं, "लिहिलंत कशाला? लिहिलं नसतंत तर मला कळलं नसतं."

"खोटा आकडा तुमाले कायच्या कामाचा?" ती म्हणाली.

साहेबांनी वही मिटली आणि पिशव्या काढायला सांगितल्या. मे महिन्याच्या ठरल्या तारखेला जनकाबाईनं एक खेप काढून, वाळवून ठेवली होती. दुसरी आत्ता निघाली. साहेबांनी ताजवा लावला. मेच्या पिशव्यांचं वजन पाणी थांबण्याआधीच्या खेपेएवढंच, जवळजवळ जसंच्या तसं होतं. कोरड्या मातीतल्या जिवांनी इतक्या उन्हातही काही खाल्लं नव्हतं. आणि उघड्या वाफ्यातली जुलैची पिशवी त्यांनी एकदा तोलली, वजनं बदलून दुसऱ्यांदा तोलली, मग जनकाबाईला म्हणाले, "तुम्ही वाचा."

तिनं वाचलं. तीन आठवड्यांत एरवीच्या तीन महिन्यांएवढं गेलं होतं.

"उपाशी होते," साहेब हळू आवाजात म्हणाले. "माती तापलेली आणि त्यावर एकदम ओल. तुटून पडले." ते काहीतरी भराभरा लिहू लागले. रागावले होते की खूश होते, ते तिला कळेना. बहुधा त्यांनाही कळत नव्हतं.

"साहेब, आमच्या वावरात दर साली असंच होते म्हना. चार मयने तापते, मंग पानी पडते."

अर्जुनरावांचा हात थांबला. "हो. दर साली."

"अन् उन्हाळे असेच वाढत गेले त?"

"ते कुणी मोजलेलं नाही, जनकाबाई."

"वाढले त?"

"तर मातीतलं आणखी हवेत जाईल," ते म्हणाले. उगाच धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

प्रयोग पुढं चालला नाही. वरून मंजुरी आली नाही. साहेबांची बदली झाली.

त्या वर्षी वावरात कपाशी होती; कापूस वेचून झाल्यावर जनकाबाईनं पऱ्हाट्या, कपाशीची ती वाळकी झाडं, चुलीसाठी घरी नेऊ दिल्या नाहीत. "अर्धं एकर माह्यासाठी सोडा," ती इंद्रभानला म्हणाली. "नांगरू नका. मी झाकतो." तो चिडला, दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन स्वतःच पऱ्हाट्या तोडायला आला. जळणासाठी दोघं बाभळीच्या काट्या गोळा करत हिंडली. शेजारच्या वावरवाल्या तानुबाईनं बांधावरून विचारलं, "वावराले थंडी वाजते का वं?" आणि तिच्या सुना खदाखदा हसल्या.

तिसऱ्या पावसाळ्यात इंद्रभाननं झाकलेल्या तुकड्यातली माती मुठीत दाबली. तिचा लाडू झाला. उघड्या दीड एकरातली दाबली, ती बोटांमधून गळाली. मूठ झटकून तो त्या दीड एकराकडं बघत राहिला.

"औंदा अजून चार तास झाकू," उघड्या वावरातल्या ओळी दाखवत तो म्हणाला.

जनकाबाईनं मनाशी हिशोब केला. घरच्या पऱ्हाट्या चार तासांनाही पुरणार नव्हत्या, आणि उरलेल्या वावरावर फाल्गुनापासून ऊन पडणार होतं. तिनं विळा कमरेला खोचला आणि तानुबाईच्या बांधावर टाकून दिलेला पाला मागायला ती निघाली.