पोर्टमधला तांदूळ

दसऱ्याला रोजच्या कामाच्या हत्यारांची पूजा करायची, हे आमच्याकडे कधी चुकलं नाही. नाशिकला आईचं शिलाई मशीन, बाबांची स्कूटर, घरातले पाने-पकडी, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. इथे परदेशात, ग्रोनिंगनमध्ये, माझ्याकडे हत्यारं म्हणावीत अशा दोनच गोष्टी, सायकल आणि लॅपटॉप. त्या वर्षी आई तीन महिन्यांसाठी आली होती, त्यामुळे दोन्हींची साग्रसंगीत पूजा झाली. झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली शेवंती आणली.

आईने लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचा बारीकसा ठिपका लावला, तोही कडेला. मी अक्षता घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "तांदूळ नको गं. त्याला बाजूला भोकं आहेत, आत जातील."

"काही होत नाही गं आई," म्हणत मी चांगल्या मूठभर अक्षता वाहिल्या. पीएचडी झालेल्या बाईला शिलाई मशीनवाल्या बाईने काय शिकवायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, आइंडहोवेनच्या एका कंपनीसाठी. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला व्हिसाचं जे एक वर्ष मिळतं, त्यातले दोनच महिने उरले होते. हीही संधी हातची गेली तर गाशा गुंडाळायचा होता. लॅपटॉपचा माइक केव्हाच बिघडला होता, त्यामुळे सगळी भिस्त यूएसबीच्या हेडसेटवर. दहाला सात मिनिटं असताना मी तो डावीकडच्या पोर्टमध्ये घालायला गेले, तर अर्ध्यावरच अडला. उलटा करून पाहिला, फुंकर मारली, पुन्हा सुलटा केला. शेवटी मोबाइलचा टॉर्च मारला, तर आत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा आडवा बसलेला.

आई चहा घेऊन दारात उभी होती. मी तिच्यावर ओरडले, "काही कळत नाही तर माझ्या कामाच्या वस्तूंच्या पूजा कशाला घालायच्या? लागली ना वाट!"

बोलता बोलताच मला आठवलं होतं की मूठ माझी होती. तरी वाक्य मी पूर्ण केलं.

"चुकलं माझं," आई म्हणाली. "दुसरीकडे लावून बघ ना."

उजवीकडच्या पोर्टमध्ये माउस होता. तो काढून तिथे हेडसेट लावला, लगेच सुरू झाला. दोन सेकंदांचं काम. इंटरव्ह्यू छान झाला. नंतर लॅपटॉप बंद करून मी टूथपिकने तो दाणा काढला आणि आईला दिसणार नाही असा कचऱ्यात टाकला.

आठवड्याभरात नोकरीही मिळाली. आईने शिरा केला. मी तिला सॉरी म्हटलं, पण ते ओरडण्याबद्दल. दाण्याबद्दल बोलायला जीभच रेटेना. उरलेले दिवस तिने माझ्या टेबलाला हात लावला नाही. स्वतःचा फोन चार्ज करायचा तरी केबल हातात धरून उभी राहायची, "इथे लावू का?" मी वैतागून म्हणायचे, "लाव की, विचारतेस काय!" वैताग माझा माझ्यावरच होता, पण ते तिला कसं कळणार?

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. ती परत गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. कुणाच्या तरी बारशाचे फोटो तिला पेनड्राइव्हवर मिळाले होते आणि ते टीव्हीवर बघायचे होते. टीव्हीमागचं पोर्ट मला फोनमधून दाखवत तिने विचारलं, "यात लावू का गं? काही बिघडणार नाही ना?"

स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीपाशी उभी राहून ती मला विचारत होती. मला राहवलं नाही.

"आई, तेव्हा ते तांदूळ मी टाकले होते."

"माहितीये की. मी नको म्हणत होते."

"मग चुकलं माझं असं का म्हणालीस?"

"तुझा इंटरव्ह्यू होता. तेवढ्यात तुझ्याशी वाद घालत बसू?"

मला रडू आवरेना. कसंबसं म्हटलं, "यापुढे मला काही विचारायचं नाही. तुला हवं ते, हवं तिथे लावायचं."

"बरं," आई म्हणाली. पेनड्राइव्ह अजून तिच्या हातातच होता. "मग लावू ना?"