आडोसा

आचोळ्याच्या धोंडूबाई अँजेलिनाबाईंच्या भाजीच्या वाडीत वर्षानुवर्षं खुरपणी करायच्या. वाडीभोवती इमारती उठल्या आणि लघवीला जायला आडोसा उरला नाही. म्हणून भर उन्हातही त्या दिवसभर पाणी टाळायच्या. यंदा मे महिन्यात त्या वाफ्यातच चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. तेव्हापासून डायलिसिस चालू आहे.

अँजेलिनाबाई शहाळी घेऊन भेटायला आल्या. "धोंडूबाई, माझ्या घरी यायचं होतं ना!"

"चिखलाच्या पायांनी तुमच्या लादीवर कशी येनार, बाय?"

अँजेलिनाबाईंनी एक शहाळं पुढे केलं. तशी धोंडूबाईंची सून रीमा हळूच म्हणाली, "नको, मावशी. नारळपाणी डॉक्टरांनी बंद केलंय."