भर उन्हातलं अंतराळ

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. साताऱ्याहून बी.ए. होऊन गावी परतलो तेव्हा औंधपासून वडूजपर्यंत सगळ्यांचं माझ्यावाचून अडलेलं आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. दुष्काळ सरला होता, विहिरींना पाणी आलं होतं, आणि पोट भरल्यावर माणसाला जे सुचतं ते आमच्या गावाला पुन्हा सुचू लागलं होतं. म्हणजे भांडण.

भांडण यात्रेतल्या नाटकाचं. वरची आळी आणि खालची आळी मिळून दर यात्रेला नाटक करायची, आणि नाटकात राजा एकच असायचा. तो ज्या आळीला मिळेल तिची छाती वर्षभर फुगलेली, दुसरीला वर्षभर झोप नाही. आदल्या वर्षी राजा खालच्या आळीचा होता. राज्याभिषेक चालू असताना अंधारातून दगड आला, मागोमाग काठ्या आल्या, आणि राजा मुकुटासकट औंधच्या दवाखान्यात टाके घालून घ्यायला गेला.

म्हणून पोलीस पाटलांनी मला चावडीवर बोलावलं. "बी.ए. झालायस न्हवं? मग असं नाटक लिही, की त्यात दोन राजं असतील आन् दोन्ही सारकं. एक तसूभर बी खाली नको. आन् यंदा खेळ दिवसा. दगूड कोन मारतंय ते तरी दिसंल."

मी इतिहास धुंडाळला. इतिहासात दोन राजे आले की एक हरतो. पुराणांची तीच तऱ्हा. बरोबरीचे दोन राजे पृथ्वीवर सापडेनात, तेव्हा मी आकाशात गेलो. तोवर माणूस चंद्रावर जाऊन आला होता, आपण पुढचं बघायला काय हरकत? दोन ग्रह, दोन साम्राज्यं, युद्ध पेटायच्या बेतात. पृथ्वीवरचे दोन प्रवासी वाट चुकून तिथं पोचतात. युद्ध थांबवा म्हणून दोन्ही सम्राटांच्या पाया पडतात, आणि दोन्हीकडं हेर समजून बांधले जातात. शेवटी सम्राटांना सत्य कळतं, दोघं एकाच क्षणी पुढं होऊन हात मिळवतात. पडदा.

वरच्या आळीचे सम्राट झाले आबा. बागायतदार, बुटके, रुंद, आवाज मोटेवरचा. खालच्या आळीचे सम्राट सुभेदार. पलटणीतून पेन्शनीवर आलेले, ताडासारखे उंच. सैनिक दोन्ही आळ्यांनी हौसेनं दिले. प्रवाशांच्या कामाला मात्र कुणी माणूस देईना. आळीचा माणूस बांधून घेणार, थपडा खाणार, म्हणजे आळीचीच अब्रू गेली. मग एक प्रवासी मी झालो आणि दुसरा माझा शाळेपासूनचा दोस्त, गावातला एकुलता एक टेलर. आम्हा दोघांची घरं ओढ्याकाठी, कुठल्याच आळीत नाहीत. त्याच्या घरी ईद, माझ्या घरी दिवाळी, आणि दोन्ही दिवशी जेवायला दोघंही हजर. थपडांना तोही हसत तयार झाला.

मुकुट सांगलीहून भाड्यानं आणले, अगदी एकसारखे. गुऱ्हाळाची काहील उभी करून तिला यान केलं. काळ्या कापडावर सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचे तारे चिकटवले. राहिली सम्राटांच्या खांद्यांवरून पाठीवर सोडायची मखमली वस्त्रं. मी त्यांना प्रावरण म्हणायचो, गाव झूल म्हणायचं. गावाचा शब्द टिकला.

दोस्तानं मापं घेतली आणि झुली शिवल्या. सुभेदार उंच, त्यांची झूल लांब. आबा बुटके, त्यांची आखूड. दोन्ही बरोबर घोट्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी वरची आळी दुकानासमोर उभी, पुढं आबा.

"का रं, त्यांचा सम्राट मोटा आन् आमचा बारका व्हय?"

"आवं आबा, तुमची उंचीच तेवढी हाय, त्याला मी काय करू?" दोस्ताची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा धारदार. मी घाईनं मधे पडलो आणि प्रमाण म्हणजे काय ते समजावलं. झूल आणि देह यांचं गुणोत्तर दोन्हीकडं सारखंच आहे, वगैरे. शिक्षणावरचा माझा विश्वास तेव्हा फारच कोवळा होता.

"तुजं गुनोत्तर ठेव साताऱ्यात," आबा म्हणाले. "माज्या झुलीला कापाड जोड. त्येच्याएवडी कर." आणि त्या दिवसापासून वरच्या आळीनं दोस्ताकडची शिवण बंद केली.

त्यानं कापड जोडलं, तरी बंदी उठली नाही. आता आबांची झूल त्यांच्यामागं जमिनीवर लोळू लागली. खालच्या आळीला ते एखाद्या बादशहासारखं दिसलं. "त्येंच्या मागं शेपूट आन् आमाला काय न्हाई? किती पानसुपारी पोचली रं दोगांस्नी?" त्यांनीही शिवण बंद केली.

यात्रेच्या तोंडावर बंद. साऱ्या गावाचे सदरे, झबली, झंपर याच दिवसांत शिवून तो वर्ष काढायचा. आता मशिनवर नुसतं मांजर बसायला लागलं. त्याच्या मामाचं वडूजला दुकान होतं. मामाचा निरोप आला, मशिन घेऊन इकडं ये. तो म्हणाला, "गड्या, यात्रा झाली की मशिन एस.टी.च्या टपावर. पुन्यांदा हितं यायचं न्हाई. तुजं नाटक तुला लखलाभ."

मग बंदी उठवा म्हणून आम्ही दोघं या आळीतून त्या आळीत फिरलो. वर गेलो की वरचे म्हणायचे, खालच्यांनी धाडलंय. खाली गेलो की उलट. मी लिहिलेलं नाटक आम्ही रोज गल्लीत करत होतो, फक्त थपडा तेवढ्या राहिल्या होत्या. "तू लिवलंस ते झकास हाय," दोस्त म्हणाला. "पर शेवट लिवताना फेकलीस बग. ह्यास्नी सत्य कवा कळायचं?"

यात्रेच्या दिवशी भर दुपारी, चैत्राच्या उन्हात, अंतराळ सुरू झालं. चांदीच्या ताऱ्यांवरून ऊन परावर्तित होऊन पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत जात होतं. आम्हाला पकडणारे सैनिक पलटणीतून रजेवर आलेले खरे जवान. त्यांनी बांधलेल्या गाठी तितक्याच खऱ्या. दोस्त कुजबुजला, "रक्त थांबलंय रं हाताचं." बाकी खेळ बरा चालला. लोक गप्प होते. आमच्याकडं लोक गप्प असले की काठ्या हाताशी असतात.

शेवटचा प्रवेश आला. मी खोकलो की दोन्ही सम्राटांनी एकदम पाऊल उचलायचं, असं ठरलेलं. मी खोकलो. सुभेदार परेडवर चालावं तसे निघाले. आबाही निघाले, आणि लोळत्या झुलीत पाय अडकून सरळ सुभेदारांच्या पायांशी आडवे झाले. साष्टांग.

वरची आळी उठून उभी राहिली. बांधलेल्या प्रवाशांनी युद्ध थांबवायचं तर आत्ताच. तेवढ्यात सुभेदार आबांना उठवायला वाकले, ते नेमके आबांच्याच झुलीवर पाय देऊन. आबांनी उठायला हिसका दिला, झूल ओढली गेली, आणि सुभेदार आबांच्या अंगावर कोसळले. दोन साम्राज्यं एकाच ढिगात. सारखे मुकुट घरंगळत गेले, कुठला कुणाचा कळेना.

ढिगातून आबांचा मोटेवरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "सुभेदार, लागलं का वं?"

"गुडघा. तुमाला?"

"कंबार. ह्या बी.ए.नं घात केला आपला."

"माजं बी त्येच म्हननं हाय!"

आधी बाया हसल्या, मग दोन्ही आळ्या. दोघं सम्राट एकमेकांना धरून लंगडत उतरले. आम्हाला सोडायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

संध्याकाळी चावडीवर निवाडा झाला. दोष कुणाचा? आबा म्हणाले, झूल लांब करायची अक्कल बी.ए.चीच. सुभेदारांनी मान डोलावली. "टेलरचा काय गुन्हा? त्यो सांगितलं ते शिवनार." कित्येक वर्षांनी दोन्ही आळ्यांचं एकमत झालं होतं, आणि ते माझ्यावर झालं होतं. कापड जोडायचा हुकूम आबांचाच, हे सांगायला मी तोंड उघडलं. समोर दोस्त मनगटावरचे वळ चोळत बसला होता. मी तोंड मिटलं. माझ्या पदवीचा गावाला झालेला तो पहिला उपयोग. पुढं बरेच दिवस मी दिसलो की पोरं खोकायची.

मशिन टपावर चढलं नाही. दुसऱ्या दिवशी आबांच्या घरचे सदरे आणि सुभेदारांच्या सुनेचे झंपर एकाच दोरीवर लटकत होते. दोस्त म्हणाला, "लय उपकार झालं, बी.ए. आता तुजा सदरा फुकाट." तो सदरा मला एका बाहीला आखूड झाला. मी तक्रार केली नाही.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, दोन्ही झुली बैलांच्या पाठीवर निघाल्या. आबांचा बैल थोराड, सुभेदारांचा ठेंगणा. त्यामुळं आबांची झूल लांब ठेवलेली, सुभेदारांची कापून आखूड केलेली. मिरवणूक दोन्ही आळ्यांतून गेली. बैल मोठा म्हणून झूल मोठी, हे साऱ्या गावाला न सांगता समजलं. त्यासाठी साताऱ्याला जावं लागलं नाही.