खिडकीजवळची खुर्ची

हे कुणी वाचलंच तर आधी माफ करा. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीपर्यंत शिकले, तेही माहेरी, जळगावकडे. लग्न होऊन उज्जैनला आले तर बाहेर सगळी हिंदी, मराठी लिहायचा प्रसंगच येत नसे. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून सांगण्याऐवजी लिहून ठेवते आहे.

आमच्या ह्यांची मिल बंद पडली त्यानंतरची ही गोष्ट. ह्यांनी काही महिने नुसते येरझाऱ्या घालण्यात काढले. मग एक दिवस टावर चौकातून येऊन म्हणाले, "तिथे एकाने कॉम्प्युटरवर गेम खेळायचं दुकान काढलंय. पोरं बाहेर नंबर लावून उभी असतात. आपली बाहेरची खोली रस्त्याला लागून आहे. आपणही काढू."

पैसे वन्संनी दिले. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, देवास गेटला राहतात. त्यांचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर मिळालेला फंड त्यांनी मुलीच्या लग्नासाठी पोस्टात ठेवला होता, तो मोडून भावाला दिला. देताना म्हणाल्या, "लग्न जमेपर्यंत वापर. जमलं की मला लागतील. तेव्हा तोंड लपवू नकोस म्हणजे झालं."

इंदूरहून पाच कॉम्प्युटर आले, सुटे भाग जोडून केलेले. पाचही तारांनी एकमेकांना जोडले, म्हणजे पाच मुलं पाच पडद्यांसमोर बसून एकाच खेळात एकमेकांशी लढणार. आमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती आणि फ्रीगंजला कॉम्प्युटरच्या क्लासलाही जायची. ती म्हणाली, "बाबा, जुना गेम घ्या. त्याचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा आतला प्रोग्राम, हलकं आहे, आपल्या मशिनांवर चालेल."

"टावर चौकात नवा आहे," हे म्हणाले. "आपण काय लोकांना शिळं वाढायचं?"

नवा आला. दिसायला फार सुंदर होता. भिंतींवर सावल्या पडत, धूर निघे, पाणी हले. मी पडद्याआडून बघायची. मला ती मारामारी आवडत नसे, पण पाणी बघायला आवडे.

पहिला आठवडा खोली भरलेली. मग कुरकुर सुरू झाली. खेळ अटकायचा. माणूस पळता पळता थिजायचा आणि पुन्हा हलायचा तेव्हा मरून पडलेला असायचा.

"अंकल, आपके यहां तो पहले आदमी मरता है, फिर गोली की आवाज आती है."

"भिया, ये गेम है कि शादी का एल्बम? एक-एक फोटो दिखा रिया है."

"लाइन में कचरा फंस गिया होगा. अंकल, फूंक मारो."

सगळी हसायची. हे हसायचे नाहीत. मिलमध्ये माग थांबला की आधी सूत बघायचं, ही ह्यांची सवय. तसे हे टेबलांखाली शिरून तारा तपासत बसायचे. मग सगळ्या तारा नव्या आणल्या, तारा जिथे येऊन मिळतात तो डबाही नवा घेतला. वन्संच्या पैशातला हाताशी ठेवलेला थोडा भाग त्यात गेला. खेळ होता तसाच अटकत राहिला. पोरं एकेक करून टावर चौकाकडे वळायला लागली.

एका दुपारी खोली रिकामी होती. मुलीने एका मशीनची तार काढून टाकली आणि एकटीच खेळायला बसली. मलाही बोलावलं. "आई, बघ. मी भिंतीकडे तोंड केलं की सरळ चालतो. मैदानाकडे वळले, धूर आणि माणसं दिसली, की अटकतो. आता तर तारच लावलेली नाही. म्हणजे दोष तारेचा नाही."

"मग कुणाचा?" हे दारातून म्हणाले.

"चित्राचा, बाबा. कोण कुठे उभा आहे एवढा निरोप तारेतून येतो. चित्र ज्याचं त्याच्या मशीनला काढावं लागतं, पापणी लवायच्या आत. त्यासाठी वेगळं कार्ड मिळतं, आणि गेम त्या कार्डाशी ठरलेल्या भाषेत बोलतो. एकीला ओपनजीएल म्हणतात, एकीला डायरेक्ट थ्रीडी. आपल्याकडे कार्डच नाही. बोलणार कुणाशी? म्हणून चित्रही मशीनच्या डोक्यालाच काढावं लागतं आणि लढाईचा हिशोबही त्यालाच ठेवावा लागतो. नव्या गेमचं इंजिन कार्ड आहे असं धरूनच बनवलंय. जुन्याचं तसं नाही."

"इंजिन आहे तर तेल घालू," हे म्हणाले. पण विनोद करताना ह्यांचा चेहरा उतरलेला होता.

दुसऱ्याच दिवशी हे कुणाला न सांगता इंदूरला गेले आणि कार्ड घेऊन आले. पाच घ्यायला पैसे नव्हते, एकच आणलं. ते खिडकीजवळच्या मशीनमध्ये बसवलं, कारण तो पडदा रस्त्यावरून दिसायचा. "लोक बघतील आणि आत येतील," हे म्हणाले. आले खरे. खिडकीत पाणी झुळझुळ हलत होतं.

तिथून खरा त्रास सुरू झाला. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसेल तो जिंकायचा. बाकीचे चौघे अटकत असताना याचा माणूस लोण्यासारखा फिरायचा. शिवाय सगळ्यांच्या लढाईचा हिशोबही तेच मशीन ठेवायचं, त्यामुळे त्याची गोळी सगळ्यांच्या आधी लागायची. त्या खुर्चीसाठी पोरं आमचं दार उघडायच्या आधी ओट्यावर येऊन बसायला लागली. एकदा दोघांत जुंपली. खुर्चीचा पाय मोडला, एकाच्या ओठातून रक्त आलं. मी ओला पंचा घेऊन बाहेर आले आणि त्याच्या ओठावर धरला. संध्याकाळी त्याचे वडील येऊन ह्यांना पोरांसमोर म्हणाले, "दुकान चला रहे हो कि जुआघर? एक कुर्सी पर जीत बेच रहे हो. अगली बार कुछ हुआ तो ताला लगवा दूंगा."

आमचा मोहल्ला माधव नगर, तर देवास गेटची पोरं जाता जाता ओरडायला लागली, "माधव नगर की बेईमानी, जिसकी खिड़की उसकी रानी!" दोन दिवस आत कुणी फिरकलं नाही.

आणि तेव्हाच वन्सं पेढे घेऊन आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न जमलं होतं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त.

"पैशांचं कसं रे?" त्यांनी पाणी पिऊन विचारलं.

"देतो, अक्का."

"देतोस ते माहीत आहे. कधी, ते विचारते आहे. तिच्या सासरची माणसं चांगली आहेत, पण हॉलवाला थोडाच नात्यातला आहे?" त्या रिकाम्या खोलीकडे बघत होत्या. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "अगं, चालतं ना हे?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.

त्या गेल्यावर बाप-लेकीत वाद झाला. मुलगी म्हणत होती, कार्ड परत करा, जुना गेम घाला आणि खिडकीजवळच्या मशीनवर कुणालाच बसवू नका, त्याला फक्त हिशोब ठेवू द्या. हे संतापले. "चांगलं चित्र काढून टाकू? वर एक खुर्चीही बंद करू? चार खुर्च्यांवर अक्काचे पैसे कधी फिटायचे?"

मी पोळ्या लाटत होते. आमच्या मराठी समाजाच्या गणपतीत पंगत सांभाळायचं काम वर्षानुवर्षं ह्यांच्याकडे होतं. एका वाढप्याने स्वतःच्या जावयाच्या पानात दोनदा श्रीखंड वाढलं, तेव्हा ह्यांनी त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं होतं. मला ते आठवलं आणि मी स्वयंपाकघरातूनच म्हणाले, "पण अहो, हा पंक्तिप्रपंच झाला ना."

मोठ्याने बोलले नव्हते. पण बाहेर ते ऐकू गेलं. हे स्वयंपाकघराच्या दारात आले. मग मुलीला विचारलं, "वाढणारा पंगतीत बसत नाही, तसंच ना ते? त्या मशीनचं?"

"हो, बाबा."

"जुनं चित्र बघून पोरं पळाली तर?"

"पळू शकतात," मुलगी म्हणाली. ती खोटा धीर देणाऱ्यांतली नाही.

कार्ड इंदूरच्या दुकानदाराने घासाघीस करून कमी भावात परत घेतलं. ते पैसे हे घरी न येता थेट देवास गेटला देऊन आले. आता मागे काहीच उरलं नव्हतं. जुना गेम घातला. माणसं ठोकळ्यांसारखी, भिंती सपाट, आणि पाणी नावाचा एक निळा पट्टा. मला वाईट वाटलं.

ह्यांनी देवास गेटच्या पोरांना स्वतः जाऊन बोलावलं. रविवारी दुपारी सामना, त्यांचे दोन आणि माधव नगरचे दोन. बाकीची पोरं खुर्च्यांमागे दाटीने उभी. मी पडद्याआड, चहाचं आधण उकळून उकळून आटलेलं.

"अंकल, ये तो हमारे दादाजी के जमाने का गेम है."

"दादाजी को हरा के दिखा पहले."

"और वो खिड़की वाली?"

"उस पर कोई नहीं बैठेगा," हे म्हणाले. "वो सबका हिसाब देखती है."

सुरू झालं. मी पडदे बघत नव्हते, कान देऊन ऐकत होते. "अटक गिया" हा शब्द येतो का, याकडे सगळा जीव लागला होता. शिव्या ऐकू आल्या, आरोळ्या ऐकू आल्या, तो शब्द आला नाही. देवास गेटवाले हरले. त्यांच्यातला जो रस्त्यावरून ओरडायचा, तो ताडकन उठला. मागची पोरं बाजूला सरली. मला तो मोडलेला खुर्चीचा पाय दिसायला लागला.

"सीट बदलो," तो म्हणाला.

माधव नगरचे कुरकुरले. हे म्हणाले, "बदलो. सब एक जैसी हैं."

खुर्च्या बदलल्या. पुन्हा खेळले. या वेळी बरंच लांबलं, आणि तो पुन्हा हरला. त्याने पडद्याकडे बघितलं, तारांकडे बघितलं, खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. दोष द्यायला काही सापडेना.

"हार गिया, यार," तो म्हणाला. मग ह्यांच्याकडे वळून, "अंकल, अगले संडे फिर. और चाय तो पिलाओ, हारे हुए को."

आटलेल्या चहात मी पाणी घातलं. ट्रे मुलीने नेला.

पोरं टावर चौकातही जात राहिली. नवं चित्र बघायचं असेल तर तिकडे, सामना असेल तर आमच्याकडे. चार खुर्च्या पुरल्या असं म्हणणार नाही. त्या पावसाळ्यात मी शेजारच्या दोन घरी पोळ्या केल्या, मुलीने क्लासमध्ये लहान मुलांना शिकवलं. दर महिन्याला हे सायकलवरून देवास गेटला जाऊन यायचे. परत आले की माझ्याकडे बघून नुसती मान डोलवायचे.

तुळशीचं लग्न झालं आणि आम्ही वन्संच्या मुलीचं केळवण केलं. घरात दुसरी मोठी जागा नव्हती, म्हणून टेबलं भिंतीला सरकवून पंगत त्याच खोलीत मांडली. वाढायला अर्थात हे. वन्सं खिडकीपाशी बसल्या, लेक शेजारी. ह्यांनी पहिलं वाढप झाल्यावर खिशातून पाकीट काढलं आणि वाकून त्यांच्या पाटाशी ठेवलं.

"हे शेवटचे, अक्का. मोजून घे."

"उष्ट्या हाताने? वाढ तू," वन्सं म्हणाल्या. डाव्या हाताने पाकीट पदराखाली सरकवलं आणि ह्यांच्या हातातल्या श्रीखंडाच्या भांड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि मला बहीण म्हणून जास्त नको हं. सगळ्यांना वाढतोस तेवढंच."

ह्यांनी तेवढंच वाढलं. वन्संचे पैसे पूर्ण फिटले होते.