काताल्दोचा शिक्का

शिक्क्याशिवाय कागद काताल्दोला नागडा वाटायचा. रोक्कामुराच्या नगरपालिकेत चोवीस वर्षं त्याचा एकच रिवाज: संगणकावर टाइप केलेली सूचना छापायची, वर गोल शिक्का हाणायचा, सही ठोकायची आणि तो कागद स्कॅन करून वेबसाइटवर चढवायचा.

दर सप्टेंबरात वरून फॉर्म यायचा: तुमची वेबसाइट आंधळ्या माणसालाही वापरता येते का? काताल्दो डोळे झाकून ‘येते’वर खूण करायचा. शेजारची गावंही तेच करायची.

आसुंता जन्मांध. तीस वर्षं याच कचेरीत टेलिफोनवर बसलेली. निवृत्तीनंतर रोज सकाळी कॉफी घेता घेता ती संगणकाकडून गावच्या सूचना वाचून घ्यायला बसायची. पण स्कॅन केलेल्या शिक्क्याच्या कागदात त्याला अक्षरंच सापडत नसत, आणि यंत्राची दातखीळ बसायची.

तिनं फोन केला होता. “काय रे काताल्दो, माझं यंत्र म्हणतं, हे चित्र आहे. कसलं चित्र? तुझ्या थोबाडाचं?”

“ताई, शिक्का नसेल तर कागदाला विचारतो कोण?”

“शिक्का मार तुझ्या कपाळावर. मला अक्षरं दे.”

“पुढच्या आठवड्यात बघतो, ताई.”

तो आठवडा काही उजाडला नाही.

वसंतात वेबसाइटवर एक सूचना लागली. दफनभूमीतल्या भाडेपट्ट्याची मुदत संपलेल्या कबरी उकरणार. नव्वद दिवसांत घरच्यांनी कळवावं, नाहीतर हाडं सामाईक खड्ड्यात जातील. अकरावं नाव आसुंताच्या नवऱ्याचं, साविनोचं. गाव त्याला जन्मभर ‘घंटावाला’च म्हणायचं. काताल्दोनं ते नाव स्वतः टाइप केलं, पण ओळखलं नाही.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आसुंता शेवंती घेऊन दफनभूमीत गेली. पावलं मोजत जागेवर पोचली, वाकली, तर हाताला नुसती भुसभुशीत माती. तशीच फुलं घेऊन ती कचेरीत आली.

“माझा घंटावाला कुठाय?”

काताल्दोनं यादी काढून वाचून दाखवली. अकरावं नाव त्यानं दोनदा वाचलं.

“परत मिळेल?”

“सगळी हाडं एकत्र झालीत, ताई.”

तिनं चाचपत फुलं टेबलावर ठेवली, नेमकी शिक्क्याशेजारी.

आता काताल्दो शिक्का मारत नाही. सूचना अक्षरांतच चढवतो, आधी स्वतः यंत्राकडून ऐकतो. एकदा धीर करून त्यानं फोन लावला. “ताई, आता सगळं वाचतंय. लावून तर बघा.”

“माझ्या नावाची कुठली सूचना राहिलीये रे आता?”

एवढं म्हणूनही तिनं फोन ठेवला नाही. समोरच्यानं ठेवल्याशिवाय ठेवायचा नाही, ही तिची नोकरीतली सवय. शेवटी त्यालाच ठेवावा लागला.