पिस्तुलातलं कुंकू

मंडळी, घाटकोपरच्या एका सराफी दुकानावर मी पहारा देतो. परवाच स्प्रिंग बदलून पिस्तुलाचा चाप हलका करून घेतला. आज सरावात चाप ओढला, तर नुसतं टक्! गोळी सुटलीच नाही. काडतुसाच्या बुडावर सुईची जेमतेम खूण.

"स्प्रिंग बदललीस ना? वाट लागली बघ," जोडीदार सावंत म्हणाला.

जुनी स्प्रिंग बसवली. तरी टक्!

मग पिस्तूल उघडलं. काडतुसावर आदळणाऱ्या त्या सुईभोवती तेलात कालवलेलं कुंकू घट्ट बसलेलं.

"अरे, पिस्तूल आहे की मारुती?" सावंत म्हणाला.

दसऱ्याला मीच भक्तिभावानं वाहिलं होतं. तेव्हापासून दुकानातली माणसं माझ्या भरवशावर, आणि मी दारात रिकाम्या हाताने!

तुम्ही शस्त्रपूजेला कुंकू कुठे लावता?